एमव्हीपी नेमका कोणाचा? शे, योकिच आणि "मौल्यवान" हा शब्द

मधली_रेघ

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या २०२४-२५ हंगामाच्या एमव्हीपीसाठी (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर, हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू) शंभर पत्रकारांनी मतं दिली. ७१ जणांनी पहिलं नाव लिहिलं ओक्लाहोमा सिटी थंडरच्या शे गिल्जस-अलेक्झांडरचं, २९ जणांनी डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचचं. निकाल लागला, चषकही दिला गेला, तरी मला अजून वाटतं की त्या वर्षीचा मान योकिचचा होता. यावर इथल्या मंडळींशी नीट बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

आधी शेबद्दल. सामन्यामागे ३२.७ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. संघाचे ६८ विजय आणि फक्त १४ पराभव. असा हंगाम बहुतेक वर्षी विनावाद एमव्हीपी ठरला असता. त्यामुळे शेला दिला हा अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या वर्षी त्याच्यासमोर जे उभं होतं ते त्याआधी कुणी पाहिलेलंच नव्हतं.

योकिचची सरासरी: २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (बास्केटवरचा फटका, म्हणजे शॉट, हुकल्यावर पकडलेले चेंडू), १०.२ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास). म्हणजे अख्ख्या हंगामाची ट्रिपल-डबल, तिन्ही बाबतींत दोन अंकी सरासरी. ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूक यांच्यानंतर हे जमलेला तो तिसरा खेळाडू, आणि पहिला सेंटर (बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू). गुणांत लीगमध्ये तिसरा, रिबाउंडमध्ये तिसरा, असिस्टमध्ये दुसरा. या खेळात कामांची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे: उंच माणसानं बास्केटखाली रिबाउंड घ्यायचे आणि लहान चणीच्या गार्डनं चेंडू खेळवायचा. योकिच ही दोन्ही कामं लीगमधल्या जवळजवळ प्रत्येकापेक्षा चांगली करत होता.

आकड्यांपेक्षाही ते येतात कसे हे बघण्यासारखं आहे. तो फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतो. साथीदार जमाल मरे त्याच्या खांद्याला घासून वळसा घेतो, आरॉन गॉर्डन मागच्या बाजूनं बास्केटकडे निघतो, कोपऱ्यातला शूटर दोन पावलं सरकतो. या सगळ्यांकडे न बघता योकिच उभा असतो आणि समोरच्या पाच जणांपैकी एकाचं लक्ष अर्धा क्षण जरी हललं तरी चेंडू तिथून गेलेला असतो. ७ मार्च २०२५ ला फीनिक्सविरुद्ध त्यानं एकाच सामन्यात ३१ गुण, २१ रिबाउंड आणि २२ असिस्ट केले. एनबीएच्या इतिहासात एका सामन्यात ३०-२०-२० कुणीच केलं नव्हतं. साठच्या दशकातल्या विल्ट चेंबरलेननंही नाही.

माझा निकष साधा आहे. "मोस्ट व्हॅल्युएबल" म्हणजे ज्याच्या नसण्यानं संघाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तो. योकिच बाकावर बसला की डेन्व्हरचं काय व्हायचं हे ज्यांनी हंगाम पाहिलाय त्यांना सांगायला नको. चांगली आघाडी चार मिनिटांत विरघळायची. शे बसला तरी थंडर खेळत राहायचे.

आता बोला.

सहावा_गडी

मधली_रेघ, तुमचा निकषच मला मान्य नाही.

"शे बसला तरी थंडर खेळत राहायचे" याचा दोष शेला का? चांगल्या संघात असणं हा गुन्हा आहे का? थंडरनं त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सरासरी १२.९ गुणांनी हरवलं. हा लीगच्या इतिहासातला विक्रम आहे. त्याआधीचा १२.३ चा विक्रम १९७१-७२ च्या लेकर्सचा होता, म्हणजे अर्धशतकाहून जास्त टिकलेला. आणि हे सगळं चेट होल्मग्रेन फक्त ३२ सामने खेळलेला असताना. ज्या संघाचा मुख्य उंच खेळाडू निम्म्याहून जास्त हंगाम बाहेर आहे त्या संघानं इतिहासातला सर्वात मोठा फरक काढला, तर तो कुणामुळे?

दुसरं, डिफेन्स. शे समोरच्याच्या हातातून चेंडू काढतो, पासच्या वाटेत हात घालतो, गार्ड असून सामन्यामागे एक ब्लॉक करतो, म्हणजे समोरच्याचा फटका हवेतच अडवतो. योकिच रिबाउंड उत्तम घेतो आणि त्याचे हात चपळ आहेत, हे कबूल. पण बास्केटकडे वेगानं येणाऱ्या गार्डला अडवण्यात तो कमी पडतो हे त्याच्या चाहत्यांनाही माहीत आहे. सामन्याचा अर्धा भाग डिफेन्सचा असतो. तो मोजायचाच नाही का?

आणि तिसरी गोष्ट, जी कुणी फारशी बोलत नाही. चेंडू एवढा वेळ हातात असूनही शेचे टर्नओव्हर सामन्यामागे २.४. आपण चेंडू गमावला नाही की प्रतिस्पर्ध्याला बास्केटकडे फुकटची मुसंडी मिळत नाही, आणि मागे आपला डिफेन्स लावायला वेळ मिळतो. थंडरच्या डिफेन्सचं निम्मं श्रेय या सावधपणाला आहे असं मी मानतो.

फळ्याजवळ

सहावा_गडी यांच्याशी सहमत. ६८ विजय म्हणजे ६८ विजय.

वळणावरचा

नुसत्या विजयांवर द्यायचा असेल तर गुणतक्त्यात पहिला आलेल्या संघातला सर्वोत्तम खेळाडू निवडा, मतदान कशाला हवं?

१९७५-७६ मध्ये करीम अब्दुल-जब्बारला एमव्हीपी मिळाला तेव्हा लेकर्स ४० जिंकून ४२ हरले होते, प्लेऑफमध्येसुद्धा (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) नव्हते. आणि तेव्हा मतं खेळाडूच द्यायचे. त्याच्यासमोर रोज उभं राहणाऱ्यांनीच ठरवलं की हाच सर्वात मौल्यवान.

जुनी_वही

खेळाडूंच्या मतदानाचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ या. या धाग्यात जे चाललंय ते सगळं १९६२ मध्येच होऊन गेलंय.

१९६१-६२ चा हंगाम आठवा. विल्ट चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण. पुन्हा वाचा, पन्नास पूर्णांक चार. त्याच हंगामात २ मार्चला त्यानं एका सामन्यात १०० गुण केले. ऑस्कर रॉबर्टसननं त्याच वर्षी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्टची सरासरी ठेवली, म्हणजे पहिली हंगामभराची ट्रिपल-डबल. आणि एमव्हीपी? १८.९ गुण करणारा बिल रसेल. विल्ट दुसरा, ऑस्कर तिसरा.

आज नुसता तक्ता पाहिला तर हा निकाल वेडेपणाचा वाटतो. पण रसेलचं खरं काम त्या तक्त्यात नव्हतंच. ब्लॉक आणि स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावणं) यांची अधिकृत नोंद एनबीएनं १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली, तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्यानं किती फटके अडवले, कितीजणांनी त्याला बघून बास्केटकडे जायचंच टाळलं, हे कुठल्याही वहीत नाही. ते फक्त समोर खेळणाऱ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तसं मत दिलं. त्याच्या बोस्टननं त्या वर्षी ६० सामने जिंकले, २० हरले.

म्हणून सहावा_गडी यांचा डिफेन्सचा मुद्दा मला वजनदार वाटतो. ज्याची मोजणी नीट होत नाही ते काम वादात नेहमी मागे पडतं.

वेस अनसेल्डचंही नाव घेतो. १९६८-६९, पदार्पणाचा हंगाम, १३.८ गुण. बाल्टिमोर बुलेट्स आदल्या वर्षी ३६ सामने जिंकले होते, त्या वर्षी ५७. एमव्हीपी अनसेल्ड. पहिल्याच हंगामात हा मान मिळालेले दोघेच, विल्ट आणि तो. १३.८ गुणांवर आज एमव्हीपी मिळेल का? मला नाही वाटत. १९८०-८१ पासून मतं पत्रकारांकडे गेली, आणि तेव्हापासून गोष्ट रंगवून सांगता येईल अशा हंगामांना जास्त भाव आला असं माझं मत आहे.

मधली_रेघ

जुनी_वही, मनापासून आभार. ब्लॉकची नोंद इतक्या उशिरा सुरू झाली हे ठाऊक होतं, पण रसेलच्या मतांशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

पत्रकारांबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र माझ्याच बाजूनं जातं. २०१६-१७ मध्ये वेस्टब्रूकला एमव्हीपी मिळाला: ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट. संघ ४७-३५ (विजय-पराभव), पश्चिम विभागात सहावा. त्या वेळी मतदारांनी सांगितलं की ट्रिपल-डबलची सरासरी एवढी मोठी की संघाचं स्थान दुय्यम. २०२४-२५ मध्ये योकिचनं ट्रिपल-डबलची सरासरी ठेवली, डेन्व्हर ५०-३२, पश्चिमेत चौथा. त्यात त्यानं ५७.६ टक्के फटके घातले, तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४१.७ टक्के. वेस्टब्रूकपेक्षा कितीतरी अचूक, संघही वर. मग आठ वर्षांत निकष बदलला कसा?

मला तरी एकच कारण दिसतं. योकिचला २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये मिळाला होता. चार वर्षांत तीन. मतदारांना कंटाळा आला.

आकडेमोड

मधली_रेघ, कंटाळा हे कारण पटत नाही. २०१७ मध्ये वेस्टब्रूकनं केलं ते ऑस्करनंतर ५५ वर्षांनी घडत होतं. ऑस्करचा एका हंगामात ४१ ट्रिपल-डबलचा विक्रमही त्यानं ४२ करून मोडला. त्यानंतर त्यानंच २०१८, २०१९ आणि २०२१ मध्ये पुन्हा ट्रिपल-डबलची सरासरी ठेवली, आणि त्या वर्षी त्याला कुणी एमव्हीपी दिला नाही. म्हणजे त्या आकड्याचं अप्रूप योकिचच्या आधीच उतरलेलं होतं. आता सगळेच संघ वेगानं खेळतात, तीनचे फटके जास्त, रिबाउंड लांब उडतात. दहा असिस्टला २०१७ मध्ये होतं ते वजन आज नाही. सेंटरनं ते करणं वेगळं, हे मान्य.

पण मला बोलायचंय ते तुमच्या "बाकावर बसला की" या निकषावर, कारण तो ऐकायला फार पटतो आणि आत भोक आहे.

खेळाडू मैदानावर असताना संघाचा गुणफरक किती आणि तो बसल्यावर किती, यातलं अंतर आपण त्याचं मोल मानतो. पण हे अंतर दोन गोष्टींनी बनतं: खेळाडू किती चांगला, आणि त्याच्या जागी येणारा किती वाईट. डेन्व्हरकडे योकिचच्या जागी खेळेल असा भरवशाचा सेंटर तोवर कित्येक वर्षं नव्हता. थंडरनं हार्टेनस्टाइन हा सेंटर घेतला, होल्मग्रेन आहे, गार्डांची रांग आहे. समजा डेन्व्हरनं एक चांगला बदली सेंटर आणला तर तुमच्या निकषानं योकिचचं मोल कमी होईल, तो तसाच्या तसा खेळत असला तरी. म्हणजे आपण योकिचला मोजतोय की डेन्व्हरच्या व्यवस्थापनाच्या चुकांना?

अजून एक. ज्या मिनिटांत योकिच बसतो त्याच मिनिटांत मरेही बऱ्याचदा बसलेला असतो. मग पडझड कुणाच्या नावावर लिहायची? हे वेगळं काढायला जी गणितं आहेत ती मैदानावरच्या दहाही जणांचा हिशोब एकदम धरतात. त्यांतही योकिच वरच येतो, शेही वरच येतो. कच्च्या फरकात दिसते तेवढी दरी तिथे उरत नाही.

मधली_रेघ

यावर लगेच उत्तर देता येत नाहीये. विचार करून लिहितो.

कोपऱ्यातला_शूटर

शेच्या फ्री थ्रोंबद्दल (फाउल झाल्यावर मिळणारे विनाअडथळा फटके) कुणीच का बोलत नाही? थांबायचं, डिफेंडर अंगावर आला की हात वर करायचे, शिट्टी. हे बघायला आवडत नाही, आणि आवडत नाही ते मौल्यवान म्हणून गौरवायचं?

सहावा_गडी

कोपऱ्यातला_शूटर, हा आरोप शेवर खूप होतो, आणि काही शिट्ट्या मलाही स्वस्त वाटल्या आहेत. पण त्याचा खेळ शिट्टीवर उभा नाही. तो पूर्ण वेगात आत घुसतो आणि बास्केटपासून दहा-बारा फुटांवर असा थांबतो की डिफेंडरचं शरीर पुढेच जात राहतं. डिफेंडर तोल सावरतोय तोवर फटका सुटलेला असतो. डिफेंडर अंगावर पडला तर फाउल, नाही पडला तर मोकळा फटका. ५१.९ टक्के अचूकता त्यातून येते. हे थांबणं शिकायला किती पायांची ताकद लागते! लीगमध्ये वेगानं पळणारे पुष्कळ आहेत, असं थांबणारा दुसरा मला तरी दिसत नाही.

पाढे_पंचावन्न

मतांच्या गणितावर कुणी बोललेलं नाही, म्हणून मी लिहिते. आपण सगळे "७१ विरुद्ध २९" असं धरून चाललोय, पण मतपत्रिकेवर एकच नाव नसतं. पाच असतात. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, चौथ्याला ३, पाचव्याला १.

यानं काय फरक पडतो ते बघायचं असेल तर डब्ल्यूएनबीएचं, म्हणजे महिलांच्या लीगचं, २०२३ चं मतदान बघा. गुणांची पद्धत हीच, मतदार ६०. अलिसा थॉमसला पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक २३ मतं मिळाली. ब्रेआना स्टुअर्टला २०. एजा विल्सनला १७. आणि एमव्हीपी कोण? स्टुअर्ट.

हिशोब मांडते. स्टुअर्ट: २० पहिली, २३ दुसरी, १७ तिसरी. २०० अधिक १६१ अधिक ८५, एकूण ४४६. थॉमस: २३ पहिली, १२ दुसरी, २५ तिसरी. २३० अधिक ८४ अधिक १२५, एकूण ४३९. विल्सन: १७ पहिली, २५ दुसरी, १७ तिसरी आणि एक चौथं. १७० अधिक १७५ अधिक ८५ अधिक ३, एकूण ४३३. तिघींमध्ये मिळून १३ गुणांचं अंतर.

विल्सनच्या त्या एका चौथ्या क्रमांकाच्या मतावर तेव्हा खूप राग निघाला. पण ते मत तिसऱ्या क्रमांकाचं असतं तरी तिला दोनच गुण जास्त मिळाले असते. पहिल्या क्रमांकाचं असतं तरी सात, म्हणजे ४४०. तरीही ती स्टुअर्टच्या मागेच. तिचा एमव्हीपी त्या एका मतानं गेला नाही. थॉमसचा गेला तो मात्र नक्कीच दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांमुळे. तिच्यावर सर्वात जास्त जणांचा ठाम विश्वास होता, पण ज्यांचा नव्हता त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिला थेट तिसरी ठेवली. स्टुअर्ट तिसरी ठेवणारे कमी होते.

(विल्सननं त्यानंतर लास वेगास एसेसला विजेतेपद मिळवून दिलं, फायनल्सची एमव्हीपी झाली, आणि २०२४ चा एमव्हीपी तिला एकमतानं मिळाला. तिच्या खेळावर वेगळा धागा हवा.)

आता हीच नजर २०२५ च्या एनबीएवर टाका. शे: ७१ पहिली, २९ दुसरी, एकूण ९१३. योकिच: २९ पहिली, ७१ दुसरी, एकूण ७८७. शंभर मतपत्रिकांवर पहिली दोन नावं हीच होती, एकाही मतदारानं दोघांपैकी कुणाला तिसरा ठेवलं नाही. तिसऱ्या यानिस अँटेटोकुम्पोला ४७० गुण. लोक म्हणतात मतदारांनी योकिचला डावललं. मला तर मतदारांमध्ये इतकं एकमत क्वचितच दिसलंय: हे दोघे, आणि बाकीचे फार मागे.

जुनी_वही

पाढे_पंचावन्न, हे सुरेख उलगडून सांगितलंत. आपण पहिल्या नावावर भांडतो आणि उरलेली चार नावं विसरतो.

याच्या जवळ जाणारं एक जुनं उदाहरण २००४-०५ चं. स्टीव्ह नॅशला पहिल्या क्रमांकाची ६५ मतं, शकील (शॅक) ओनीलला ५८. नॅशचे गुण सामन्यामागे १५.५, असिस्ट ११.५. फीनिक्स आदल्या वर्षी २९ जिंकले होते, तो आल्यावर ६२. वीस वर्षं झाली तरी त्या निकालावर वाद थांबलेला नाही. माझ्या मते नॅशचा तो मान योग्य होता, कारण त्यानं संघाला खेळायची एक पद्धत दिली. पण शॅकचे चाहते हे कधी मान्य करणार नाहीत, आणि त्यांच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

नवखा_प्रेक्षक

मी या वर्षीच एनबीए बघायला लागलोय, म्हणून साधा प्रश्न. थंडरनं पुढे प्लेऑफमध्ये डेन्व्हरला सात सामन्यांत हरवलं, विजेतेपदही मिळवलं आणि शे फायनल्सचाही एमव्हीपी झाला. मग वाद संपत नाही का?

आकडेमोड

नाही संपत, कारण मतं प्लेऑफ सुरू होण्याआधीच दिलेली असतात. हा मान फक्त नियमित हंगामाच्या ८२ सामन्यांचा. म्हणूनच कधीकधी फार अवघड प्रसंग येतात. २००७ मध्ये डर्क नोविट्झकीच्या डॅलसनं ६७ सामने जिंकले, पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून हरले, आणि नंतर डर्कला एमव्हीपी घ्यायला उभं राहावं लागलं. १९९५ मध्ये डेव्हिड रॉबिन्सनला चषक दिला गेला तो ह्यूस्टनविरुद्धच्या मालिकेत, आणि त्याच रात्री हकीम ओलाजुवाननं त्याच्यासमोर ४१ गुण केले. ती मालिकाही ह्यूस्टननं जिंकली. तरी रॉबिन्सनचा तो हंगाम खोटा ठरत नाही.

वळणावरचा

यात ६५ सामन्यांचा नियमही आला पाहिजे. २०२३-२४ पासून एमव्हीपीसाठी किमान ६५ सामने खेळलेले असावे लागतात, आणि सामना धरला जायला साधारण २० मिनिटं मैदानावर असावं लागतं. त्या पहिल्याच वर्षी जोएल एम्बीड सामन्यामागे ३४.७ गुण करत होता, गुडघा दुखावला, ३९ सामन्यांवर हंगाम अडकला आणि तो यादीतूनच बाहेर.

मला हा नियम पटत नाही. १९७७-७८ मध्ये बिल वॉल्टन ५८ सामने खेळून एमव्हीपी झाला, आणि तो योग्यच होता. किती सामने पुरेसे हे मतदाराला ठरवता येतं की. शिवाय यात पैसा गुंतलाय. लीगमध्ये सात ते नऊ वर्षं झालेल्या खेळाडूला एमव्हीपी असला तर आपल्या संघाशी सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) ३० ऐवजी ३५ टक्क्यांपर्यंतचा करार करता येतो. म्हणजे ६४ सामन्यांवर असलेला खेळाडू दुखऱ्या पायानं उतरणार, हे उघड आहे.

सहावा_गडी

नियम असावा. तिकीट काढून आलेल्यानं खेळाडू बघायचा की त्याचा कोट घातलेला बाकावरचा फोटो? पण तो आकडा ५८ ते ६० असता तर मी जास्त खूश असतो. शे ७६ खेळला, योकिच ७०, त्यामुळे इथे प्रश्न आलाच नाही. सहा सामन्यांचं अंतर मात्र मी शेच्या खात्यात धरतो.

मधली_रेघ

दोन दिवस विचार केला. आकडेमोड यांचं म्हणणं बरोबर आहे. "बाकावर बसल्यावर काय होतं" हा निकष मी सोडतो. त्यात डेन्व्हरच्या बाकाचा कमकुवतपणा योकिचच्या नावावर जमा होत होता, आणि तो मला दिसत नव्हता कारण मला निकाल आधीच ठरवायचा होता. मतदारांचा कंटाळा हेही मागे घेतो. पाढे_पंचावन्न यांनी दाखवलं तसं शंभरपैकी शंभर जणांनी त्याला पहिल्या दोघांत ठेवलं. कंटाळलेले लोक असं करत नाहीत.

तरी माझं मत योकिचलाच. कारण वेगळं सांगतो.

शे स्वतःचा फटका इतक्या सहज तयार करतो की त्याच्याभोवतीच्या चौघांचं काम हलकं होतं. योकिच त्या चौघांचे फटके तयार करतो. गॉर्डनला बास्केटखाली चेंडू मिळतो तो गॉर्डननं धावायचं ठरवलं त्याच क्षणी, आणि तो धावतो कारण त्याला माहीत असतं की चेंडू येणार. अशी धाव घेण्याची सवय माणसाला लागते ती वर्षानुवर्षं चेंडू वेळेवर आल्यामुळे. १ एप्रिलचा मिनेसोटाविरुद्धचा सामना पाहा. योकिचचे ६१ गुण, ट्रिपल-डबल, दोन ओव्हरटाइम, आणि डेन्व्हर एका गुणानं हरलं. ६१ गुण करत असलेला माणूस त्या रात्रीही मोकळा साथीदार दिसला की पास देत होता. पराभव आहे म्हणून तो सामना हिशोबात कमी भरतो, मला मान्य. पण या खेळात एक माणूस आणखी किती देऊ शकतो?

माझी मतपत्रिका: योकिच, शे, यानिस. चौथा-पाचवा कोण यावर माझं अजून ठरत नाही.

सहावा_गडी

तुमचं नवं कारण जुन्यापेक्षा खूप चांगलं आहे. मत मात्र मी बदलणार नाही. तुम्ही ज्याला "चौघांचं काम हलकं होतं" म्हणता त्यात डिफेन्सही येतो. हल्ल्यात शेवर भार टाकता आला म्हणूनच थंडरला मैदानावर एवढे डिफेन्सवाले एकदम ठेवता आले. लू डॉर्ट, केसन वॉलेस, ॲलेक्स करूसो यांच्यापैकी कुणीही स्वतःचा फटका रोज तयार करणारा नाही. ते एकत्र खेळू शकतात कारण शे आहे. तुमचा गॉर्डन धावतो, माझा डॉर्ट अडवतो, दोघांच्या मागे एकेक माणूस उभा आहे.

शे, योकिच, यानिस.

नवखा_प्रेक्षक

एवढं वाचल्यावर दोघांना समोरासमोर बघायचंय. कुठला सामना बघू?

मधली_रेघ

९ आणि १० मार्च २०२५. दोन्ही सामने ओक्लाहोमा सिटीत, लागोपाठच्या दिवशी. पहिला थंडरनं जिंकला, शेचे ४० गुण. दुसरा डेन्व्हरनं जिंकला, योकिचचे ३५ गुण आणि १८ रिबाउंड. दोन्ही बघा, याच क्रमानं. दुसऱ्या सामन्यात योकिचकडे चेंडू आला की त्याच्याकडे बघू नका, बाकीचे चौघं कुठे निघालेत ते बघा.

सहावा_गडी

आणि पहिल्या सामन्यात शे थांबला की समोरच्या डिफेंडरचे पाय बघा.